डाव्या कानातला बोळा

सकाळी अंथरुणातूनच मी ओरडले, "आई, कुकर बंद कर ना, किती शिट्ट्या होतायत!"

आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात केरसुणी होती. "कुठला कुकर? अजून गॅस पेटवला नाही मी."

मी उठून बसले. शिट्टी चालूच होती. बारीक, सरळ, मध्ये कुठं श्वास न घेणारी. डावा कान उशीवर दाबला तर ती मोठी झाली. खिडकी उघडून गल्लीत बघितलं, मोरीतला नळ बघितला, पंखा बंद केला. आई माझ्यामागे फिरत विचारत होती, "काय शोधतेस?" काय सांगणार? आवाज बाहेर कुठं नव्हताच, आणि हे तिला समजेल अशा शब्दांत मला मांडता येत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी येलहंक्याला मोकळ्या मैदानावर आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला होता. नव्वदीच्या त्या वर्षांत नोव्हेंबर लागला की बंगळुरात चौकाचौकांत राज्योत्सवाचे, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाचे, लाल-पिवळे झेंडे लागायचे, मांडव पडायचे, आणि मांडव म्हटला की ऑर्केस्ट्रा हवाच. आधी गणपती, मग राज्योत्सव, मग लग्नसराईत कल्याणमंटपांतली रिसेप्शनं, असं आमचं वर्ष जायचं. कानडी गाणी, हिंदी गाणी, शेवटी नाचायला दोन-चार तमिळ. बायकांची सगळी गाणी माझ्याकडे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला कुणीतरी ऐकलं होतं आणि ऑर्केस्ट्राच्या मालकांनी घरी निरोप पाठवला होता. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते स्वतः कीबोर्ड वाजवायचे. शांत माणूस. आईला त्यांनी नमस्कार करून सांगितलं होतं, "तुमच्या मुलीला माझ्या मुलीसारखी परत आणून सोडेन." आणि तसं ते सोडतही.

स्टेजवर माझी जागा ठरलेली होती. उजव्या हाताला पुरुष गायक, मी डावीकडे, आणि माझ्या डाव्या खांद्यामागे ड्रमसेट. हात मागे नेला तर मोठ्या झांजेला लागेल इतका जवळ. पायाशी मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला आपला आवाज ऐकू यावा म्हणून आपल्याकडे तोंड करून ठेवतात तो छोटा स्पीकर. ड्रमवाला रंगात आला की झांज कडाडायची, तिच्यावर माझा आवाज चढावा म्हणून साउंडवाला मॉनिटर वाढवायचा, मॉनिटर वाढला की ड्रमवाला आणखी जोरात वाजवायचा. मधे मी. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीत ढोल वाजतोय आणि त्यावर आपला आवाज पतंगासारखा चढतोय, असं दुसऱ्या कशातच वाटलं नाही मला, तेव्हा नाही आणि नंतर तर नाहीच.

कार्यक्रमानंतर कान बंद झाल्यासारखे व्हायचे. सगळ्यांचेच व्हायचे. परतीच्या व्हॅनमध्ये आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो आणि हसायचो. सकाळपर्यंत कान मोकळे होत. या वेळी झाले नाहीत. तो दिवस गेला, दुसरा गेला. गाणारीचे कान, त्यामुळे मला आणखी एक गोष्ट छळत होती. ती शिट्टी सुरात नव्हती. माझ्या षड्जाशी, पंचमाशी, कशाशीच ती जुळत नव्हती. तंबोऱ्याची पेटी लावून रियाजाला बसले की ती मधे घुसून उभी असायची.

मी अण्णाला सांगितलं. अण्णा माझा मोठा भाऊ. बाबा बंगळुरातल्याच शिवाजीनगरात शिंपीकाम करायचे. ते गेल्यावर अण्णाने मशीन विकून टाकलं आणि पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. पत्र्याच्या पट्ट्या दाबून त्यांतून छोटे छोटे भाग काढायचं काम. घरी आला तरी तो तिथल्यासारखाच मोठ्याने बोलायचा, आणि आम्ही त्याच्याशी मोठ्याने बोलायचो, इतकं की शेजारी समजायचे रोज भांडण चाललंय. तो मला तंगी म्हणायचा. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या घरांत असंच चालायचं. पुण्याकडून कुणी आलं की हसायचं, "अहो, पोरीला तंगी काय म्हणता, टंचाई असल्यासारखं!"

अण्णा चहा पीत होता. "शिट्टी ना?" तो म्हणाला. "मला पण आहे."

माझ्याकडे छत्री आहे, असं म्हणावं तसं सहज म्हणाला.

"कधीपासून?"

"प्रेसवर लागल्यावर थोड्या दिवसांत. आधी भ्या वाटतं. मग पंख्यासारखी होते, चालू आहे ते कळत नाही."

"जाते का पण?"

त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने कप खाली ठेवला. "नाही ग," म्हणाला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुझी जाईल. तुझं काय रोजचं थोडंच आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने शर्टाच्या खिशातून दोन पिवळे बोळे काढून माझ्या हातावर ठेवले. स्पंजसारखे, करंगळीच्या पेराएवढे. कारखान्यात तपासणीला साहेब येणार असले की वाटायचे, एरवी कपाटात असायचे.

"तू का घालत नाहीस?" मी विचारलं.

"प्रेसचा आवाज बदलला की हात मागं घ्यायचा असतो. हे घातल्यावर आवाज बदललेला कळत नाही." त्याने उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर पसरली. "बोटं ठेवू की कान, तूच सांग."

मग त्याने ते घालायचं कसं ते दाखवलं. चिमटीत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, वात आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोट लावून थांबायचं. मी तसं केलं आणि घर हळूहळू दूर गेलं. आईच्या भांड्यांचा आवाज गेला, रस्त्यावरचे ऑटो गेले. फक्त शिट्टी उरली, आणि आता ती एकटीच असल्यामुळे फार मोठी वाटली. मी घाबरून बोळे काढून टाकले. अण्णा म्हणाला, "स्वल्प सवय लागू दे."

पुढच्या रिसेप्शनला मी दोन्ही कानांत बोळे घालून उभी राहिले. केस मोकळे सोडले होते आणि दोन्ही बाजूंनी मल्लिगेचे, मोगऱ्याचे गजरे, म्हणजे काही दिसायला नको. वाद्यं सुरू झाली तीच मुळी शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखी. झांज नावाला. आणि मी तोंड उघडलं तर माझा आवाज माझ्याच डोक्यात घुमला, रिकाम्या हंड्यात तोंड घालून गावं तसा. बाहेर किती जातोय कळेना. कीबोर्डचा सूर पकडायला गेले तो हाताला लागेना. पहिल्या अंतऱ्याला मी वर गेले आणि तिथंच लोंबकळत राहिले. समोर जेवणाऱ्यांपैकी कुणाला कळलं नसेल. सरांना कळलं. त्यांनी कीबोर्डवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं, फक्त बघितलं.

मधल्या वेळात ते जवळ आले. "एनम्मा, एनायतु? काय झालं? श्रुती सोडून जात नाही तू कधी."

"सर्दी आहे सर," मी म्हटलं.

"सरी, बरं. गरम पाणी पी." त्यांनी पोराला सांगून माझ्यासाठी पाणी मागवलं. मी आडोशाला जाऊन बोळे काढले आणि उरलेला कार्यक्रम नेहमीसारखा म्हटला. सर खूश झाले. परत येताना शिट्टी दुप्पट.

त्यानंतर मी एकेक करून बघायला लागले. दोन्ही कानांत घालून गाता येत नाही, हे कळलं होतं. मग फक्त डाव्यात, झांजेच्या बाजूला. उजवा मोकळा ठेवून त्याने सूर पकडायचा. तरी डोकं तिरकं झाल्यासारखं वाटायचं. मग बाबांच्या कात्रीने बोळ्याचा मागचा भाग कापला, म्हणजे बाहेर डोकावणार नाही. पूर्ण आत न घालता थोडा सैल ठेवला तर झांज कमी होते पण माझा आवाज फार घुमत नाही, हे एका शनिवारी सापडलं. घरी आरशासमोर उभी राहून, कॅसेट मोठ्याने लावून, बोळा किती आत सरकवायचा याचा सराव करायचे. दुसऱ्या मुली कपाळावरची टिकली सारखी करतात तसा. एका मोसमापुरतं ते जमलं. शिट्टी गेली नाही, पण वाढायची थांबली. मला वाटलं, आता माझं मी सांभाळलं.

त्याच सुमारास शिवाजीनगरातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे अण्णाने मला नेलं. स्वतःचे कान त्याने कधी दाखवले नव्हते. मला काचेच्या खोक्यात बसवलं, हेडफोन लावले, आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. माझी शिट्टी आणि यंत्राची शिट्टी यांतली कुठली कुठली ते मला सांगता येईना. मी अंदाजाने बटण दाबत राहिले. काचेपलीकडे अण्णा हातात माझी पर्स धरून उभा होता आणि मला धीर द्यायला हसत होता.

डॉक्टर म्हातारे होते, सौम्य बोलायचे. म्हणाले, "वरच्या सुरांत डावा कान कमी झालाय. जे गेलं ते परत येत नाही. राहिलेलं राखायचं." मी त्यांना पर्समधला बोळा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हा यंत्रांसाठी. भिंत बांधल्यासारखा. वरचे सूर आधी अडवतो, म्हणून गाणं मुकं वाटतं. परदेशात गाणाऱ्यांसाठी वेगळे मिळतात, सगळे सूर सारखे खाली आणणारे. इथं मी अजून पाहिले नाहीत. तोवर हाच घाला. आणि झांजेपासून लांब उभ्या राहा. मधे मधे विश्रांती घ्या."

"आणि नाही जमलं तर?" अण्णाने विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. अण्णाचा प्रश्न त्या छोट्या खोलीत फारच मोठ्याने आला होता. "तुमचे कान कधी तपासलेत?" त्यांनी विचारलं. अण्णाला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. तो दार उघडून बाहेर पडला.

मी सरांशी बोलायचं ठरवलं. त्यांच्या घरी सराव असायचा. इतर यायच्या आत गेले आणि सगळं सांगितलं. शिट्टी, डॉक्टर, सर्दी नव्हती ते. त्यांनी शांतपणे ऐकलं. पुढच्या कार्यक्रमाला मला स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, मॉनिटर कमी करायला सांगितलं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. पण साउंडवाले दर वेळी वेगळे, ते मंडळाने ठरवलेले. एकाने ऐकलं, दुसऱ्याने हसून मान हलवली आणि काहीच केलं नाही. स्टेज लहान असलं की दुसरं टोक नावाचं काही नसायचंच. आणि मंडळाचे अध्यक्ष मधेच स्टेजजवळ येऊन हात वर वर करायचे: आवाज वाढवा, आवाज वाढवा, पलीकडच्या गल्लीतला मांडव आपल्यापेक्षा मोठ्याने वाजतोय.

शेवटी एकदा सर म्हणाले, "अम्मा, तुला बोळा घालू नको असं मी म्हणणार नाही. पण कुणाला दिसू देऊ नको. गाणारीला कान नाही असं एकदा झालं की तुला कोण बोलावेल? आणि तुझ्याबरोबर आम्हाला?" त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. म्हणूनच मी मान हलवली आणि केस कानांवर ओढले.

दिसायचं ते दिसलंच. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या एका मुलाचं स्थळ चालून आलं होतं. कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याची आई मुद्दाम आली होती, आणि कुणीतरी सुचवलं की मुलगी अमक्या कल्याणमंटपात गाणार आहे, तिथंच बघून घ्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या. मी ड्रमवाल्याकडे वळून बघितलं तेव्हा बाजूच्या उभ्या पंख्याने केस उडाले असणार. कार्यक्रमानंतर त्या माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी गोड गाते हो. पण कानात पिवळं काय होतं? ऐकू येतं ना नीट?"

"कापूस आहे," आई म्हणाली. "सर्दीला."

मुलाने मला बोलायला बोलावलं. आम्ही एका दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी प्यायलो. तो भला होता, थोडा बुजरा. त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं. डाव्या कानाचं, बोळ्याचं, डॉक्टरांचं. त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ॲक्च्युअली मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाहीये. पण घरी डिस्कस करावं लागेल." ते डिस्कस झालं असावं. पुन्हा काही कळलं नाही.

आईने मला दोष दिला नाही. तिने बोळ्याला दिला. "ते कारखान्याचं घाणेरडं कानात कोंबून ठेवलंस, म्हणून कान बिघडला. आधी तर नीट होता!" मी समजावलं, अण्णाने समजावलं, ओरडून समजावलं. ती म्हणाली, "सगळ्या गातात. कुणाच्या कानात काही असतं का? एक दाखव मला." एकही नव्हती दाखवायला. आई रडायला लागली. माझ्या आईचं रडणं गप्प असायचं, नुसते खांदे हलायचे. मी पर्समधून बोळे काढून तिच्या हातात दिले. ती गणपतीच्या आधीची गोष्ट.

त्या गणपतीत मी मोकळ्या कानांनी गायले. दर वेळी मनात असायचं, एवढा एक कार्यक्रम. मॉनिटर मात्र मी स्वतः हाताने वळवून ठेवायचे, जरा बाजूला, सरांनी तेवढी मुभा दिली होती. एका मांडवात दुपारी आवाजाची चाचणी चालली होती. ऊन होतं, खुर्च्या अजून मांडायच्या होत्या, माणसं जेवायला गेली होती. मी माईक हातात घेऊन खाली वाकले आणि दुसऱ्या हाताने मॉनिटर वळवायला लागले. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी माझा माईक पूर्ण चढवला. माईक मॉनिटरच्या तोंडाशी, आणि माझा कान त्या दोघांच्या मधे.

ज्यांनी फीडबॅक ऐकलाय त्यांना ती किंचाळी माहीत असेल. मला ती ऐकू आल्याचं आठवत नाही. कानात कुणी दाभण खुपसल्यासारखं झालं एवढंच आठवतं. मी बसलेली होते, सर माझे खांदे धरून काही बोलत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. उजव्या बाजूने हळूहळू शब्द यायला लागले. डावीकडे काहीच आलं नाही.

त्या संध्याकाळी मी गायले, हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण दुसरी गायिका आणणार कुठून? सर नको नको म्हणत होते, मीच उभी राहिले. उजव्या कानाला तळहात लावून, त्यात माझा आवाज पकडून.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घरी पडून राहायला सांगितलं. आईने माझ्या अंगावर पांघरूण घातलं, नवस बोलली, कानात कोमट तेल घालू का असं घाबरत घाबरत विचारलं. मी नको म्हटलं. ती उशाशी बसून राहायची. महिन्याभराने पुन्हा काचेच्या खोक्यात बसले. डॉक्टर तपासणीचा कागद बघत होते, तेव्हा मीच विचारलं. ते म्हणाले, "उजवा जपा."

डावीकडे शब्दांचे सांगाडे उरले. स, श, त, क, सगळे गळाले. मराठी घरातली म्हणून ओठांवरून कळायची, पण दुकानात कानडी बोलणारा डावीकडून बोलला तर ती भाषा मला येतच नाही असं वाटायचं. आणि सूर दोन झाले. एकच स्वर उजव्या कानात एक आणि डाव्यात थोडा वेगळा, दुखरा. कीबोर्डचा सा मला फाटका ऐकू यायचा. मी लग्नसराईत दोन-तीनदा उभी राहिले. हळूहळू माझी गाणी कमी व्हायला लागली. मग एके दिवशी ते घरी आले. आईने उप्पिट केलं. त्यांनी खाल्लं, पावसाचं बोलले, त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं बोलले, अण्णाशी ओरडून दोन गोष्टी केल्या. जाताना दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर निरोप आला नाही.

माझ्या जागी आलेली मुलगी मला भेटायला आली होती, तिच्या पहिल्या मोसमानंतर. कॉलेजात होती, फार गोड गळा. पाया पडली. मग खाली बसून, हळू आवाजात म्हणाली, "अक्का, माझ्या कानात काहीतरी वाजतं."

मी तिला उजव्या बाजूला बसवलं आणि सगळं सांगितलं. वातीसारखं वळायचं, सैल ठेवायचं, केस कसे बांधायचे, डॉक्टर कुठं आहेत. अण्णाकडून नवे बोळे मागवून दिले. ती नीट ऐकत होती. नंतर कुणाकडून तरी कळलं, दोन कार्यक्रम घातले आणि सोडून दिले. श्रुती जाते म्हणाली. मी तिला निरोप पाठवला, पुन्हा ये, मी शिकवते. ती आली नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मोसम चालू होता.

मी घरी मुलांना गाणं शिकवायला लागले. चार-पाच मुली यायच्या. एक दिवस एकीची आई दारात बसून ऐकत होती. शिकवणी संपल्यावर ती संकोचून म्हणाली, "मॅडम, ती मधली मुलगी सुराच्या खाली गात होती ना? तुम्ही छान म्हणालात." मी म्हटलं, "हो, तिला धीर द्यायला." दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगितलं की मला वेळ नाही. तंबोऱ्याची पेटी आईने कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. मग ओळखीने एका पुस्तकांच्या दुकानात नोकरी लागली, आतल्या बाजूला, जिथं गिऱ्हाइकांशी फार बोलावं लागत नसे.

घरात आता ऐकू येणारी एकटी आई. दार वाजलं की ती उठायची, कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची, शेजाऱ्यांकडे आमचा फोन आला की ती जायची आणि येऊन आम्हा दोघांना दोनदा दोनदा सांगायची. थकायची. कधी कधी बोलता बोलता मधेच थांबून "जाऊ दे" म्हणायची. ते मात्र आम्हाला दोघांनाही कळायचं. अण्णाला प्रेसवरून काढून बांधाबांधीच्या कामाला लावलं होतं, कारण प्रेसचा बदललेला आवाज त्याला आता तसाही कळत नव्हता. बोटं सगळी शाबूत होती. तो ती कधी कधी टीव्हीच्या उजेडात बघत बसायचा.

दशक संपत आलं होतं तेव्हाचा एक राज्योत्सव. आमच्याच चौकात मांडव होता, कुठला तरी दुसराच ऑर्केस्ट्रा. आई म्हणाली, "जा दोघं, पाय मोकळे करून या." दिवे नुकतेच लागले होते. मी मागे उभी राहणार होते, पण अण्णा गर्दीतून पुढे सरकत गेला, थेट स्टेजच्या कडेला, जिथं स्पीकरच्या काळ्या खोक्यांची माणसाहून उंच रास होती. तिथं जाऊन तो खोक्याला जवळजवळ टेकून उभा राहिला. मी त्याची बाही ओढली. त्याने मान हलवली.

"तंगी," तो ओरडला, "शब्द कळतायत! सगळे शब्द कळतायत!"

किती वर्षांनी त्याला गाण्यातले शब्द ऐकू येत होते कुणास ठाऊक. तो ओठ हलवून बरोबर म्हणायला लागला. त्याचे डोळे भरले होते. मला माहीत होतं त्या खोक्यापाशी काय होतं ते, त्यालाही माहीत होतं. मी त्याला ओढून नेलं नाही. कुठं नेणार होते? घरी, टीव्हीसमोर? मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि उजवा कान तळहाताने झाकून घेतला. झाकल्यावर काहीच उरलं नाही, फक्त छातीत ढोल. थोड्या वेळाने मी हात काढला.

स्टेजवर एक मुलगी गात होती, लाल साडीतली. अण्णा माझ्याकडे वाकला. "कशी गाते ग? सुरात आहे?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं, गळ्याच्या शिरांकडे बघितलं. मला सांगता येत नव्हतं.

"आहे," मी ओरडून म्हटलं.